मोबाइलच्या पडद्यासाठी मराठी मजकूर कसा मांडावा

मुंबईत डिजिटल माध्यमांचे डिझाइन शिकताना वर्गातले बहुतेक नमुने इंग्रजीतले असतात, आणि हाती येणारे पहिले खरे काम मात्र बहुधा मराठीतले असते: लालबाग किंवा गिरगावातल्या एखाद्या मंडळाचे रक्तदान शिबिर, सोसायटीची पाणीकपातीची सूचना, नाहीतर ओळखीच्या पोळीभाजी केंद्राचे दरपत्रक. अशा वेळी आधी इंग्रजी शब्द धरून मांडणी करायची आणि मग तिच्यात मराठी कोंबायचे, ही सवय लवकर लागते. मराठी कामे बिघडतात ती बहुधा तिथेच, असे माझे मत झाले आहे. त्यामुळे चौकट, रंग आणि चित्र यांच्याआधी संपूर्ण मराठी मजकूर हाती घ्यावा आणि त्यातली सर्वांत लांब ओळ कोणती ते पाहावे.

हा मजकूर बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर येतो आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, असतो. मंडळाने गेल्या वर्षीची छापखान्याची फाइल पाठवली, तर मात्र ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमधली असू शकते. अशा फाइलमधला मजकूर उचलून दुसरीकडे डकवला की अक्षरांच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात, कारण त्या फॉण्टमध्ये देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यानंतर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालावीच लागते. विशेषतः ‘ऱ्या’ तपासावा. ‘दऱ्या’ लिहायचे असताना ‘दर्या’ झाले, तर डोंगरातल्या भटकंतीचे निमंत्रण थेट कोळीवाड्यात पोहोचते! इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की नुक्ता (खालचे टिंब) असलेला ‘ऱ’ उमटतो. त्याला हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि ‘य’ जोडले की हवे ते रूप मिळते.

यानंतर सॉफ्टवेअर. ‘शिबिर’ या शब्दातल्या वेलांट्या आपापल्या अक्षरांच्या उजवीकडे जाऊन बसल्या किंवा ‘रक्त’मधला ‘क’ पाय मोडून उभा राहिला, तर दोष फॉण्टचा नसून अक्षरजुळणीच्या यंत्रणेचा असतो. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोजर (भारतीय लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय) निवडावा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये, तर प्रीमिअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांना चालणारा पर्याय असतो. ही निवड काम सुरू करण्यापूर्वीच करून ठेवावी.

फॉण्टसाठी पैसे मोजण्याची गरज विद्यार्थ्याला पडू नये, इतके चांगले फॉण्ट आज खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहेत. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, तसेच गूगलचा नोटो सान्स देवनागरी, हे तिन्ही व्यावसायिक कामातही वापरता येतात. सूचना आणि वेळापत्रक यांसाठी मी ‘मुक्त’च निवडतो, कारण त्याची बारीक अक्षरेही गच्च होत नाहीत. बलू शीर्षकापुरताच शोभतो. त्या जाड, गुबगुबीत अक्षरांत चार परिच्छेद वाचायला देणे हा वाचकावर अन्याय आहे. फॉण्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ कसे दिसतात हेही पाहावे. राज्य शासनाने वर्णमालेविषयीच्या २००९ सालच्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले आहेत, पण अनेक फॉण्टमध्ये मुळात हिंदी वळणाची रूपे समोर येतात. काही फॉण्टमध्ये दोन्ही वळणे दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली की मराठी वळण आपोआप उमटते. संकेतस्थळ असेल तर एचटीएमएलमध्ये भाषेची नोंद करावी. तिचा उपयोग पुढे उच्चारवाचकालाही, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही, होतो.

आता शिरोरेषा. इंग्रजी शीर्षकाला ऐसपैस करण्यासाठी अक्षरांतले अंतर वाढवतात. मराठीत तेच केले की प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ वेगळी होते आणि शब्द तुटलेल्या तोरणासारखा दिसू लागतो. म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे हे अक्षरांतले अंतर, शून्यावर ठेवावे. मोकळेपणा हवा असेल तर शब्दांमधले आणि ओळींमधले अंतर वाढवावे. दुसरी अडचण बाह्यरेषेची आहे. मंडळाच्या बॅनरवर अक्षरांना पांढरी किंवा सोनेरी कड हवीच असते, आणि ती नुसती लावली की शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या सांध्यापाशी उभ्या रेघा दिसतात, कारण लगतच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. यावर उपाय असा, की मजकुराची प्रत काढून तिचे आकारांत रूपांतर करावे, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडर पॅनेलमधील युनाइटने ते आकार एकजीव करावेत आणि मगच कड द्यावी. मूळ, बदलता येणारा मजकूर लपवलेल्या लेयरवर जपून ठेवावा, कारण प्रमुख पाहुण्यांचे नाव आदल्या रात्री बदलतेच. कृत्रिम तिरका ठसा टाळावा. ठळकपणासाठीही फॉण्टमधलेच जाड वजन घ्यावे.

अक्षरांचे सौंदर्य कशात असते हे शिकायचे असेल, तर सॉफ्टवेअरच्या बाहेर पाहावे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी रेखाटलेली नावे जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत मिळतात आणि शिरोरेषा कुठे वाकवावी, कुठे सरळ सोडावी याचा त्याहून चांगला पाठ मला वर्गात मिळालेला नाही. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवलेल्या र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी मंगल हा फॉण्ट रेखाटला. आज तो जुनाट वाटतो म्हणून त्याला नावे ठेवण्याची फॅशन आहे, पण अनेकांच्या संगणकावर पहिले युनिकोड मराठी वाक्य त्याच अक्षरांत उमटले होते, हे विसरू नये.

देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि ऋकार, अशी दोन्हीकडे जागा लागते. त्यामुळे ओळींची उंची अक्षराच्या आकाराच्या किमान दीडपट ठेवावी. परिच्छेद मोठा असेल तर मी १.६ किंवा १.७ पर्यंत जातो. दुव्याखालची रेघ उकारांना चिकटत असेल तर ती थोडी खाली सरकवावी. बटणांची रुंदी ठरवताना ‘नोंदणी करा’ बसले म्हणून समाधान मानू नये. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये जोडून ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ किंवा ‘महानगरपालिकेकडून’ असे लांब शब्द तयार होतात, आणि ते मध्येच तोडले तर वाईट दिसतात. दोन भाषा शेजारी असतील, तर अंकांनी दर्शवलेला आकार सारखा असूनही मराठी लहान भासू शकते. तेव्हा आकडा सोडून नजरेने जुळवावे.

रंगांविषयी एवढेच पाहावे की अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक पुरेसा आहे. वेबसाठीच्या सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ असे प्रमाण सांगितले आहे. उत्सवाच्या कामांत हमखास येणाऱ्या केशरी छटेवर (रंगसंकेत एफएफ९९३३) पांढरी अक्षरे ठेवली तर हे प्रमाण जेमतेम २.१ भरते, तर काळी अक्षरे ९.९ पर्यंत जातात. कार्यकर्ते पांढऱ्याचाच आग्रह धरतील. त्यांना दुपारी फलाटावर उभे राहून फोन पाहायला सांगावे.

चाचणी डिझाइनच्या मोठ्या पडद्यावर करून भागत नाही. पोस्टर १०८० × १३५० पिक्सेलमध्ये काढून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवावे आणि साध्या फोनवर उघडावे. पाठवताना आकार घटलेल्या चित्रात बारीक शिरोरेषा धूसर होते आणि ‘ष’च्या पोटातली रेघ पुसट होऊन तो ‘प’ वाटू लागतो. तसे झाले तर आकार वाढवावा किंवा मजकूर कमी करावा. दुसरा पर्याय सहसा बरा. गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून वाचणाऱ्याला तारीख, वेळ, ठिकाण आणि जवळचे स्थानक इतके एका नजरेत मिळाले की बाकीचा तपशील पोस्टखालच्या मजकुरात चालतो. हा मजकूर युनिकोडमध्ये टाकणे तसेही आवश्यक आहे, कारण चित्रातली अक्षरे शोधात सापडतीलच असे नाही आणि उच्चारवाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला त्यांचा भरवसा धरता येत नाही.

काम सोपवताना अंतिम चित्राबरोबर मूळ फाइल, वापरलेले फॉण्ट, त्यांच्या परवान्याची प्रत आणि संपूर्ण मजकुराची साधी टेक्स्ट फाइल एकाच फोल्डरमध्ये द्यावी. पुढच्या वर्षी काम दुसऱ्याच विद्यार्थ्याकडे गेले, तर त्याला जुन्या चित्रावरून सगळी नावे पुन्हा टंकलिखित करावी लागणार नाहीत.