घरच्या वाय-फायला एन्क्रिप्शन लावताना

राउटर बसवून देणारा माणूस पुष्कळदा घरातल्या कुणाचा तरी मोबाइल क्रमांकच वाय-फायचा पासवर्ड म्हणून टाकून जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तो कुणी बदलत नाही. एन्क्रिप्शन (हवेतून जाणारी माहिती इतरांना वाचता येऊ नये म्हणून तिला सांकेतिक रूप देणे) कितीही चांगले निवडले तरी ते या एका सवयीपाशी दुबळे ठरते, म्हणून सेटिंग आणि पासवर्ड ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकावीत.

शक्य असल्यास संगणक केबलने राउटरला जोडावा, कारण सेटिंग बदलताच वाय-फाय तुटते. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करावे. लेबलवरचा ॲडमिन पासवर्ड, म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड, आधी बदलावा. तो ज्याच्या हाती लागेल त्याला पुढचे सगळे पुसून टाकता येते.

आता वायरलेस सिक्युरिटीचे पान उघडावे. तेथे एन्क्रिप्शनच्या पद्धतींची यादी असते. तीतील डब्ल्यूईपी (WEP) हा पर्याय १९९७ चा असून त्यातील मूलभूत दोष २००१ मध्येच उघड झाले, तर २००३ चा डब्ल्यूपीए (WPA) ही जुन्या यंत्रांसाठी केलेली तात्पुरती सोय होती. या दोहोंकडे वळू नये. सर्व उपकरणांना चालत असेल तर डब्ल्यूपीए३, नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ चा मिश्र पर्याय, आणि राउटर जुना असेल तर डब्ल्यूपीए२-पर्सनल निवडून त्यासोबत सांकेतिक रूप देण्याची जुनी रीत टीकेआयपी (TKIP) नव्हे, तर फक्त एईएस (AES) ठेवावे. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची पाने वेगळी असतील तर दोन्हीकडे हाच बदल करावा.

वाय-फायच्या पासवर्डकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण जवळपासचा कुणीही टिपून घेऊ शकतो आणि मग आपल्या घरी बसून, राउटरला पत्ता लागू न देता, एकेक पासवर्ड पडताळून पाहू शकतो. भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता फार तर ४०० कोटी, आणि चांगले ग्राफिक कार्ड त्या काही तासांत संपवते. डब्ल्यूपीए३ ने ही वाट बंद केली आहे, पण मिश्र पर्यायात डब्ल्यूपीए२ ने जोडलेल्या उपकरणांपुरती ती उघडीच राहते. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाचसहा मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर तो घरच्यांच्या लक्षात राहतो आणि बाहेरच्याला सहजी सापडत नाही. ओळखीची म्हण, गाण्याची ओळ किंवा आडनाव आणि जन्मसाल टाळावे.

त्याच भागातील डब्ल्यूपीएस (WPS, पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) बंद करावे. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरतो, त्यामुळे सुमारे ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्ये दाखवून दिले गेले. नेटवर्कचे नाव लपवल्याने एन्क्रिप्शन होत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये.

सेटिंग जतन केल्यावर प्रत्येक उपकरण नव्याने जोडावे. एखादा जुना प्रिंटर किंवा कॅमेरा जोडला गेला नाही, तर त्याच्यासाठी मुख्य नेटवर्कचे एन्क्रिप्शन खाली आणू नये. तो केबलने जोडावा किंवा बदलावा.