रिमोट स्टार्टचं किट बिघडलं आणि गाडी चावीनेही उठेना, तर आधी हे बघा

आपल्याकडे ग्वाल्हेरात रिमोट स्टार्ट लोक हौसेपेक्षा हवेमुळेच जास्त बसवून घेतात, जानेवारीत धुक्याने काच भरलेली असते आणि मे-जूनमध्ये ४५ डिग्रीत उभी राहिलेली गाडी आतून भट्टी झालेली असते, मग घरातूनच सुरू करून ठेवली की बरं वाटतं. पण बाहेरून बसवलेलं हे किट चावी आणि स्टार्टरच्या (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरच्या) मधे जोडलेलं असतं, त्यामुळे ते बिघडलं की फक्त रिमोट बंद पडतं असं नाही, कित्येकदा चावीने पण गाडी सुरू होत नाही. हे न कळल्यामुळे चांगली स्टार्टर मोटर उगाच बदलली जाते. तेव्हा दुखणं गाडीचं आहे का किटचं, हे आधी ठरवा.

हात लावायच्या आधी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला पाहिजे. मॅन्युअल गाडी गिअरमध्ये असताना बिघडलेल्या किटने स्टार्टर फिरवला तर गाडी उडी मारून पुढे जाते, समोर कुणीही उभं असू शकतं. आणि बंद गॅरेजमध्ये रिमोटने सुरू करून बघू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, जीव जातो.

आता बॅटरी. लाइट लागतात, हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठीक, असं अजिबात धरू नका, हॉर्नला थोडासा करंट लागतो आणि स्टार्टरला शंभरच्या वर अँपिअर. साधा मल्टीमीटर घ्या, रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. मग कुणाला तरी चावी फिरवायला सांगा, त्या वेळी आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलीये, किटला दोष देऊ नका. आपल्या उन्हाळ्यात बॅटरी आतून खराब होते आणि ते कळतं थेट डिसेंबरच्या थंडीत. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा आणि कोमट पाण्याने साफ करा, घट्ट बसवा, परत बघा. व्होल्टेज कमी असलं की किट पण वेड्यासारखं वागतं, म्हणून हे आधी.

बॅटरी चांगली असेल तर आता नीट ऐका, बरंचसं उत्तर आवाजातच आहे.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, किंवा सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं, आणि डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलुपाचा दिवा मिचकतोय, तर इमोबिलायझर, म्हणजे गाडीची चोरी रोखणारी यंत्रणा, अडवतोय. चावीत एक चिप असते, ती ओळखल्याशिवाय गाडी सुरू राहत नाही. रिमोटने सुरू करताना चावी जागेवर नसते, म्हणून बसवणारे बायपास मॉड्यूल, म्हणजे चावी जागेवर आहे असं गाडीला भासवणारा डबा, लावतात, आणि काही जण तर तुमची दुसरी चावीच त्यात घालून डॅशबोर्डखाली बांधून ठेवतात. तुमची दुसरी चावी घरात नसेल तर ती तिथेच आहे का ते विचारा, चोराच्या हाती लागली तर गाडी गेली. ओरिजिनल चावीने सुरू होते आणि रिमोटने नाही, तर बायपासच बघायला लावा. दिवा मिचकत नसेल आणि तरी रिमोटने सुरू होऊन बंद पडत असेल, तर बहुधा इंजिन चालू झालंय हे किटला कळत नाहीये, आरपीएमची (इंजिनाचा वेग किटला सांगणारी) वायर सुटलेली असू शकते.

डिझेलवाल्यांनी हे बघा, थंडीत ग्लो प्लगचा (डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझायच्या आत किट स्टार्टर फिरवतं, इंजिन पकडत नाही, किट परत प्रयत्न करतं आणि बॅटरी संपवतं. बऱ्याच किटमध्ये डिझेलसाठी थांबायची सेटिंग असते, ती करून घ्या.

बॉनेट उघडून रिमोट दाबत बसू नका. तिथे सेफ्टीचं बटण असतं, बॉनेट उघडं असलं की किट मुद्दाम सुरू करत नाही. ते बटण गंजलं तर बंद बॉनेटलाही हेच होतं. व्हॅले मोड (गाडी दुसऱ्याच्या हाती देताना रिमोट स्टार्ट बंद ठेवायची सेटिंग) चुकून चालू झालाय का, रिमोटचा सेल संपलाय का, हे पण बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

चावीने काहीच आवाज नाही आणि बॅटरी ठणठणीत, तर संशय किटवर. आधी किटच्या लाल जाड वायरवरचे फ्यूज बघा, होल्डर वितळलेला असतो कधीकधी. उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा घालू नका, वायर पेटते. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून किटचं मोठं कनेक्टर उपसा आणि निगेटिव्ह परत लावून चावी फिरवा. सुरू झाली तर दोष किटचाच, तसंच काढून ठेवून गाडी वापरता येते. नाही झाली तर घाईने निष्कर्ष काढू नका, कारण काही ठिकाणी स्टार्टरची मूळ वायर कापून किटच्या रिलेतून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) नेलेली असते, कनेक्टर काढलं की ती तुटलेलीच राहते, ती आधी जोडून घ्यावी लागते. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर तुम्ही हातच लावायचा नाही.

इलेक्ट्रिशियन काम करताना समोर उभे राहा, काही कापायच्या आधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो काढा. वायर पिळून नुसती टेप गुंडाळू देऊ नका, आपल्या उन्हात टेपचा गोंद सुटतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच जोड परत सैल होतो, सोल्डर करून वर हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर आवळून घट्ट बसणारी) घालायला सांगा.