आता कँडिडेट पण आपला इंटरव्ह्यू घेतोय, मग तयारी कशी करायची

मागे एक पोस्ट भरायची होती, एक मुलगी आवडली, तिन्ही राउंड मस्त झाले आणि मग आमचं नेहमीचं सुरू झालं, म्हणजे एक साहेब टूरवर, दुसऱ्या साहेबांना अजून दोन बायोडेटा बघायचेत, बजेटची फाइल तिसऱ्याच टेबलावर. पाचव्या आठवड्यात मी थाटात मेसेज टाकला, तुमचं सिलेक्शन झालंय, अभिनंदन. उत्तर आलं, "थँक्यू सर, पण मला दुसरीकडे जॉइन होऊन दहा दिवस झाले." खाली स्माइली होती, ती जास्त लागली.

त्या दिवसापासून "हल्ली माणसं मिळतच नाहीत" हे वाक्य मी बंद केलं. माणसं आहेत हो, पण आधी नोकरी देणारा विचारायचा आणि घेणारा उत्तरं द्यायचा, आता दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात, आणि आपली अर्धी उत्तरं तयार नसतात. कंपन्यांचे रिव्ह्यू लिहायच्या साइट्स २००८ च्या आसपासपासून आहेत, २०२० च्या लॉकडाउनमध्ये लाखो लोकांनी घरून काम करून बघितलं आणि २०२१ मध्ये अमेरिकेत तर दर महिन्याला चाळीस लाखांच्या आसपास लोक स्वतःहून नोकरी सोडत होते. ती लाट ओसरली, पण "विचारलं तर काय बिघडतं" ही सवय राहिली.

तर सुरुवात जाहिरातीपासून करा. "पगार अनुभवानुसार" हे लिहिणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं, अर्ज करणारा सरळ पुढे स्क्रोल करतो. किमान आणि कमाल आकडा टाका, आणि रेंज पण खरी टाका, तिप्पट फरकाची रेंज दिली तर लोक खालचाच आकडा खरा धरतात. तिकडे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून जाहिरातीत पगार द्यायचा कायदाच आहे, आणि युरोपियन युनियनने २०२३ मध्ये नियम केला की इंटरव्ह्यूच्या आधी पगाराची माहिती द्यायची आणि आधीच्या नोकरीत किती मिळत होतं ते विचारायचं नाही, सदस्य देशांना तो लागू करायला जून २०२६ ची मुदत दिली. आपल्यावर असा कायदा असो नसो, "सध्या किती मिळतात" हा प्रश्न सोडाच. कामाची किंमत आपण ठरवायची असते, समोरच्याच्या जुन्या मालकाने नाही. एक धोका आधीच सांगतो, रेंज बाहेर टाकली की आतली माणसं पण ती वाचतात. जुन्या माणसाला नव्यापेक्षा कमी मिळत असेल तर जाहिरात टाकायच्या आधी त्याचा हिशोब करा, नाहीतर एक जागा भरायला जाल आणि दोन रिकाम्या होतील.

मग कामाचं वर्णन. आमच्या जुन्या जाहिरातीत एक ओळ होती, "दबावाखाली काम करण्याची तयारी व लवचिक वेळ आवश्यक". एका कँडिडेटने फोनवर शांतपणे विचारलं, म्हणजे रात्री किती वाजेपर्यंत? मी गप्प. आता तिथे लिहितो, "महिन्याचे शेवटचे चार दिवस उशीर होतो, साधारण नऊ वाजतात, बदल्यात पुढच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी". अर्ज थोडे कमी आले, पण जे आले त्यांनी हे वाचलेलं होतं, त्यामुळे नंतर कुरकुर झाली नाही. ऑफिसनंतरच्या फोनचं पण असंच ठरवून टाका. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून त्यावर कायदा आहे, आपल्याला निदान एवढं तरी सांगता आलं पाहिजे की रात्रीच्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तर चालतं का.

वर्क फ्रॉम होमवर सगळ्यात जास्त भांडण होतं म्हणून इथे जरा थांबतो. बऱ्याच साहेबांना वाटतं की घरी बसला म्हणजे झोपला. एका मोठ्या चिनी ट्रॅव्हल कंपनीत सोळाशेच्या वर लोकांवर सहा महिने प्रयोग झाला, त्याचा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. अर्ध्यांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम, बाकीचे पाचही दिवस ऑफिसात. दोन दिवस घरून करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटलं, कामगिरीत आणि प्रमोशनमध्ये फरक दिसला नाही, आणि सुरुवातीला नाकं मुरडणाऱ्या मॅनेजरांचं मत प्रयोग संपेपर्यंत बदललं. पण हे डेस्कवरच्या कामाचं झालं, मशीनवर किंवा काउंटरवर उभं राहायचं असेल तर घरून काय करणार? अशा ठिकाणी लोक वेगळं मागतात, शिफ्टचं वेळापत्रक दोन आठवडे आधी द्या, आपसात शिफ्ट बदलू द्या. ह्याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळापत्रक बनवणाऱ्याने वेळेत बसायला पाहिजे.

आणि जे शक्य नाही ते शक्य नाही म्हणा. "बघू, नंतर अॅडजस्ट करू" असं इंटरव्ह्यूत बोललेलं वाक्य माणूस विसरत नाही, तिसऱ्या महिन्यात राजीनाम्यासोबत तेच वाक्य परत ऐकायला मिळतं.

इंटरव्ह्यूचं म्हणाल तर जास्तीत जास्त तीन राउंड, आणि आधी लिहून घ्या की कोण काय विचारणार. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, लगेच मार्क. गप्पा मारून माणूस ओळखतो म्हणणाऱ्यांपेक्षा ह्या कंटाळवाण्या पद्धतीचा अंदाज जास्त बरोबर येतो, हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. घरी करायला काम देत असाल तर दोन तासांत होईल एवढंच द्या, त्याहून मोठं असेल तर पैसे द्या, कारण चार दिवसांचं फुकट काम करून घेणाऱ्या कंपनीचं नाव किती लवकर पसरतं ते तुम्हाला पण माहितीये.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, उत्तर देणं. मी एक साधी शीट ठेवलीय, नाव, कुठल्या राउंडला आहे, शेवटचं कधी बोललो. पाच कामाचे दिवस उलटले की ती ओळ लाल होते आणि मग काही ठरलेलं नसलं तरी मेसेज जातो, "अजून निर्णय झाला नाही, शुक्रवारी परत कळवतो", आणि शुक्रवारी खरंच कळवायचं. नकार पण कळवायचा, इंटरव्ह्यूपर्यंत आलेल्याला तर फोन करूनच. पहिले दोन-तीन फोन जड गेले, पण नकार दिलेल्या एकाने नंतर स्वतःच्या मित्राला आमच्याकडे पाठवलं आणि तो मित्र आज आमच्याकडे आहे. तसंच ऑफर स्वीकारल्यावर नोटीस पिरियड संपेपर्यंत माणसाला वाऱ्यावर सोडू नका, त्या काळात दुसऱ्यांचे फोन येत असतात. आठवड्यातून एकदा त्याच्या होणाऱ्या टीम लीडने दोन मिनिटं बोलावं, एचआरने नाही.

शेवटी एक प्रश्न हमखास येतो त्याची तयारी करून ठेवा, "आधी ह्या जागेवर जे होते ते का गेले?" आमच्याकडे पूर्वी ह्याला "पर्सनल रीझन" असं ठेवणीतलं उत्तर होतं. मागच्या वेळी मी खरं ते सांगितलं, की काम दोन माणसांचं होतं आणि आम्ही एकावर चालवत होतो, आता दुसरी जागा मंजूर झालीय, हे बघा तिची पण जाहिरात. समोरचा जरा हसला आणि म्हणाला, मग दुसऱ्या जागेसाठी पण एक जण सुचवू का?