गोदावरीचं चित्र काढायचंय? मग आधी घाटावरून उठा

गोदावरीचं चित्र म्हटलं की आपली नाशिकची मंडळी एकच फ्रेम काढणार, रामकुंड, देवळांचे कळस, पाण्यात हलणारी सावली, झालं. मीपण काढलीयेत तशी दहा-बारा. मग रोव्हर थॉमसची चित्रं बघितली, ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीचा आदिवासी चित्रकार, आधी गुरांमागे काम करणारा आणि १९९० ला थेट व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात पोचलेला. त्यांचं १९९१ चं एक चित्र कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत आहे, वरून आलेल्या मोठ्या पावसाचं, आणि त्यात ना आभाळ ना क्षितिज, नुसती तपकिरी माती आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळींनी खाली धावणारं पाणी. म्हणजे लांबून दिसलेला देखावा नाही, चालून चालून माहीत झालेली जमीन.

तर तसंच करायचं. पेन्सिल बाजूला ठेवा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, गंगेला पूर आला तेव्हा पाणी कुठवर होतं? (गोदावरी म्हणायचं नाही, गंगाच म्हणा, नाहीतर आजी तुमच्याकडे पाहुण्यासारखी बघेल.) उत्तर मीटरमध्ये येतच नाही, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, छातीला, गळ्याला, असंच येतं. हेच तुमचं चित्र. ब्रह्मगिरी, गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड, टाकळी, अशा जागा नुसत्या क्रमाने लिहून काढा.

मग जाड कागद किंवा प्लाय जमिनीवर टाका आणि भोवती फिरत काम करा, तिकडचेही बरेच चित्रकार असंच करतात, त्यामुळे वर-खाली हा प्रकारच उरत नाही. स्केल विसरा. मारुती धरणापेक्षा मोठा झाला तरी चालेल, माझा झालाय.

रंगासाठी थॉमस मातीचेच रंग वापरायचे, आपल्याकडे गेरू, खडू, कोळसा आहेच. बारीक कुटून जुन्या मलमलमधून गाळायचं, डिंक रात्री भिजत घालायचा, सकाळी गाळून त्यात कालवायचं. आधी एका कोपऱ्यात लावून वाळू द्या, बोट फिरवल्यावर भुकटी निघाली तर डिंक कमी पडलाय, तडे गेले तर जास्त झालाय. पातळ कागद घेऊ नका, पापडासारखा वळतो, माझे दोन गेले.

एक मात्र करू नका, तिकडच्या आदिवासी चित्रकारांच्या खुणा आणि नक्षी उचलू नका. तिथे कुठली गोष्ट कुणी रंगवायची हे घराण्यावर आणि परवानगीवर ठरतं, आणि ती जमीन आपली नाहीच ना.

आणि शहराची घाण वाहून आणणारी छोटी नासर्डी नदी सोडू नका. टाकळीला ती गंगेला मिळते ती जागा मी सरळ कोळशाने काळी केली. काकू म्हणाली इथे रंग सांडला का, म्हटलं चल, दाखवतो.