गिळलेला राग बाहेर काढायचा कसा

"काही नाही, जरा डोकं दुखतंय." यातलं डोकं खरंच दुखत असतं, खोटं असतं ते "काही नाही". मनात दाबलेलं पुष्कळदा अंगावर निघतं: पित्त, छातीत धडधड, घशात गोळा अडकल्यासारखं वाटणं, पहाटे तीनला उघडलेले डोळे.

अमेरिकेत ग्रॉस आणि लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना चित्रफिती दाखवल्या आणि काहीजणींना चेहऱ्यावर काहीच दिसू देऊ नका असं सांगितलं. हसू दाबणाऱ्यांची मजा कमी झाली. दुःख दाबणाऱ्यांचं दुःख मात्र तेवढंच राहिलं, वर शरीरावरचा ताण वाढला. म्हणजे चेहरा शांत ठेवायची किंमत मोजूनही आतलं दुःख काही कमी होत नाही.

आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल तर थकवा, चिडचिड, धडधड त्यानेही होते. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे "सगळं मनाचे खेळ" असा अर्थ मात्र काढू नका.

मग दोन आठवडे नोंद ठेवा. दिवसाला एक-दोन ओळी पुरतात: कधी, काय झालं, काय वाटलं (० ते १० पैकी किती), आणि वरवर काय केलं. उदाहरणार्थ: "रविवार, दुपारी दोन. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर भाजीला नावं ठेवली. अपमान, ७. हसून 'पुढच्या वेळी बघते' म्हटलं." नुसतं "टेन्शन" लिहू नका, त्यात सगळंच मावतं. अपमान, हेवा, भीती, एकटेपणा, जे असेल ते लिहा. आठवड्याभरात तीच वेळ, तीच व्यक्ती पुन्हापुन्हा दिसू लागते.

एखादी गोष्ट फारच सलत असेल तर सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं तिच्यावर लिहा. शुद्धलेखन बघू नका, हात थांबवू नका. झोपायच्या तोंडावर मात्र नको, झोप उडते. लिहून झाल्यावर तासभर मन जड राहतं, ते अपेक्षितच आहे. लिहिताना सहन होईनासं झालं तर विषय बदला. वही कुणाच्या हाती लागेल या धास्तीने माणूस वहीतही खोटं लिहितो, म्हणून पान फाडून टाकलंत तरी चालेल.

सगळ्यात अवघड पायरी बोलण्याची. एक प्रसंग, एक भावना, एक मागणी, एवढंच: "काल पाहुण्यांसमोर भाजीवरून बोललात, ते मला लागलं. पुढच्या वेळी आत येऊन सांगा." भांडण पेटलेलं असताना किंवा ताटं वाढताना नको. बोलणं फिसकटतं ते बहुधा "तुम्ही नेहमीच" या सुरुवातीने, किंवा लग्नापासूनची यादी काढल्याने. आणि शेवटी "जाऊ दे, मीच जरा हळवी आहे" असं जोडलंत की सगळंच पुसलं जातं! पहिला सराव सासूबाईंवर करू नका. बहीण, नणंद, जिच्याशी जमतं तिच्यापासून सुरू करा. मैत्रिणीजवळ तोच किस्सा रोज उगाळूनही मन हलकं होत नाही, म्हणून बोलणं संपवताना "आता काय करू?" हा प्रश्न घ्याच.

घरात मारहाण किंवा धाक असेल तर ही पायरी गाळा. तिथे गप्प राहणं हा बचाव असतो. मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तसंच मीटिंगमध्ये किंवा लेकरू घाबरलेलं असताना आपलं रडू आवरण्यात काही वाईट नाही, नंतर त्याला वाट मिळाली म्हणजे झालं.

दोन आठवडे बहुतेक दिवसभर उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून मनाने बंद करू नका. जाताना नोंदींची वही न्या, आणि सोबत आलेल्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगा असं डॉक्टरांनाच सांगा. नवरा शेजारी बसलेला असताना बऱ्याचजणी तिथेही "काही नाही"च म्हणतात.