हातातला रेकॉर्डर घेताना आवाज कसा पारखावा

खोक्यावर ठळक छापलेले ‘९६ किलोहर्ट्झ’ (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले जातात तो आकडा) वाचून भुलू नका. मुलाखत असो, भजन असो की नागपुरातल्या गोरेवाड्याची पाखरे, २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) आणि ४८ किलोहर्ट्झ पुरेसे होते. खरा फरक दिसतो तो यंत्राच्या स्वतःच्या ‘सूं’ आवाजात, म्हणजे हिसमध्ये. माहितीपत्रकातला नॉइझचा आकडा बहुधा बाहेरून जोडलेल्या माइकसाठी असतो (डीबीयू या एककात उणे १२० किंवा त्याहून खाली असेल तर चांगला). आतल्या माइकचे गुण त्यावरून कळत नाहीत, ते कानानेच तपासावे लागतात.

बर्डीवरच्या दुकानातल्या गोंगाटात ही हिस ऐकूच येत नाही. म्हणून यंत्र परत घेतात का, हे आधी विचारून घ्या आणि खरी चाचणी घरी करा.

वेळ पहाटेची निवडा. कूलर, पंखा, फ्रिज बंद करा; मे महिन्यात हे थोडा वेळच सोसवेल. रेकॉर्डर ट्रायपॉडवर लावा, हातात धरला तर बोटांची खरखर येते. ऑटो लेव्हल (पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय) आणि लो-कट (खालचे घुमणारे आवाज गाळणारी सोय) बंद ठेवा, फॉरमॅट वेव्ह (WAV, न दाबलेली फाइल) निवडा. एक मीटर अंतरावरून कुणाला तरी हळू आवाजात बोलायला सांगा. सर्वांत मोठा शब्द रेकॉर्डरच्या पातळी दाखवणाऱ्या मीटरवर उणे १२ डेसिबलपर्यंत जाईल इतका गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) वाढवा. ३० सेकंद बोलणे, मग ३० सेकंद शांतता, मध्ये कशालाही हात लावायचा नाही.

दोन यंत्रांची तुलना करायची असेल तर ती शेजारी ठेवून एकाच वेळी चालू करा. नंतर ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींतले बोलणे सारख्या पातळीवर आणा. ही पायरी अजिबात गाळू नका: एक-दोन डेसिबलने मोठी असलेली फाइल कानाला उगाचच सरस वाटते. त्यानंतर बंद कपांच्या हेडफोनवर शांततेचा भाग ऐका. तिथे जे कमी सळसळते ते यंत्र चांगले.

आता ऑटो लेव्हल चालू करून कूलरसमोर बोला. प्रत्येक विरामात कूलरची घरघर वर येते. मुलाखती हमखास बिघडतात त्या यानेच, म्हणून गेन हाताने लावता येत नाही असे यंत्र घेऊच नका.

मारबतीची किंवा संदलची दणदणाटी मिरवणूक टिपायची असेल तर कसोटी उलटी. मीटर शून्याला टेकत नाही, तरीही आवाज फाटतो? मग माइकच ओव्हरलोड होतोय. गेन कमी करून उपयोग नाही, ३२ बिट फ्लोटही (फार मोठी पातळीही न फाटता साठवणारी रेकॉर्डिंग पद्धत) वाचवत नाही. मागे सरका, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की साधारण ६ डेसिबल उतरतात.

फुटाळा तलावाच्या वाऱ्यात फोमची टोपी अपुरी पडते, केसाळ कव्हर घ्या.

कार्ड ३२ जीबीचे बस्स आहे: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला जेमतेम १ जीबी लागते.