वर्गणीदार येतात, पण टिकत नाहीत: ओटीटी चालवताना या चुका टाळा

ओटीटीचे आकडे घसरले की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुढची मोठी सीरिज कधी येतेय? मग कंटेंटवर आणखी पैसा लागतो, होर्डिंग लागतात, महिनाभर आलेख चढतो आणि पुन्हा खाली येतो. माणसं नेमकी कुठून गळतायत हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं. दोष अनेकदा मालिकेचा नसतोच. तो बिलात असतो, किमतीत असतो, नाहीतर मोजण्याच्या पद्धतीतच असतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. या धंद्यात पुढच्यांनी इतक्या ठेचा खाल्ल्या आहेत की मराठी किंवा कुठलंही प्रादेशिक ओटीटी चालवणाऱ्याला शिकायला मालाची कमतरता नाही.

डोकी मोजून खूश होणं

डिस्ने प्लस हॉटस्टारचे ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.१३ कोटी सदस्य होते. वर्षभरात ते ३.७६ कोटींवर आले. कारण उघड होतं. तोवर हॉटस्टारवर दिसणाऱ्या आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे डिजिटल हक्क रिलायन्स समूहातल्या वायकॉम१८ने २३,७५८ कोटी रुपयांना घेतले आणि २०२३चा हंगाम आपल्या जिओसिनेमा अ‍ॅपवर चक्क फुकट दाखवला. त्यातच ३१ मार्च २०२३ नंतर एचबीओ या अमेरिकन वाहिनीच्या मालिकाही हॉटस्टारवरून गेल्या. बातम्यांत गाजला तो घसरणीचा आकडा.

दुसरा आकडा फारसा कोणी वाचला नाही. २०२३च्या सुरुवातीच्या तिमाहीत हॉटस्टारला एका सदस्यामागे महिन्याला सरासरी ०.५९ डॉलर मिळत होते, म्हणजे पन्नास रुपयांच्याही आत. अमेरिका-कॅनडात डिस्ने प्लसला त्याच काळात सात डॉलरहून जास्त मिळत होते. म्हणजे दोन-सव्वादोन कोटी माणसं गेली हे खरं, पण क्रिकेटपुरती आलेली, पन्नास रुपयांची ही माणसं टिकवण्यासाठी वीस-बावीस हजार कोटींची बोली लावणं परवडणारं होतं का? माझ्या मते नव्हतं. आणि ज्यांनी ती बोली लावली त्यांनाही फुकटावर फार काळ थांबता आलं नाही. जिओसिनेमाने एप्रिल २०२४ मध्ये महिना २९ रुपयांचा प्लॅन आणला, नोव्हेंबर २०२४ मध्ये हॉटस्टार आणि जिओसिनेमा यांची दोन्ही घरं एक झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झालं, तीन महिन्यांना १४९ रुपयांपासून.

नेटफ्लिक्सची ठेच वेगळी, पण जागा तीच. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने तिमाहीत दोन लाख सदस्य कमी झाल्याचं सांगितलं आणि एका दिवसात शेअर ३५ टक्के पडला. कंपनी तेव्हाही नफ्यात होती. बाजाराला इतकी वर्षं डोकीच मोजायला शिकवलं होतं, ते अंगाशी आलं. २०२५ पासून तिने दर तिमाहीला सदस्यसंख्या सांगणंच बंद केलं.

मग मोजायचं काय? कागद-पेन घ्या. समजा महिन्याचा प्लॅन ९९ रुपयांचा आहे. त्यातच धरलेला १८ टक्के जीएसटी बाजूला काढला की मूळ रक्कम उरते सुमारे ८४. ग्राहक अ‍ॅप स्टोअरमधून आला आणि स्टोअरने १५ टक्के घेतले तर हातात ७१. आता दर महिन्याला ८ टक्के माणसं सोडून जात असतील, तर शंभरातली वर्षअखेर ३७ उरतात आणि सरासरी माणूस साडेबारा महिने टिकतो. त्याच्याकडून एकूण मिळाले ८९० रुपये. गळती १५ टक्के असेल तर शंभरातले १४ उरतात आणि माणशी ४७५ रुपयेच मिळतात. एक ग्राहक आणायला जाहिरातीचे ३०० रुपये पडत असतील, तर पहिल्या गणितात ५९० राहतात, दुसऱ्यात १७५. सर्व्हर, हक्क, पगार, सगळं त्यातूनच. लाख डाउनलोडचा केक कापण्याआधी हे गणित एकदा भिंतीवर लावावं. जानेवारीत आलेल्या शंभरातले जूनमध्ये किती उरले, हे महिन्यावार वेगळं काढलं की कोणत्या ऑफरने पाहुणे आणले आणि कोणत्या ऑफरने वर्गणीदार, तेही कळतं.

न रागावता गेलेली माणसं

सगळ्यात दुर्लक्षित गळती ही. ग्राहकाला सेवा सोडायची नव्हती. फक्त पैसे कापले गेले नाहीत. कार्डाची मुदत संपली, खात्यात पैसे नव्हते, यूपीआयचं ऑटोपे बंद पडलं. डॅशबोर्डवर मात्र तो ‘सोडून गेलेला’ म्हणून दिसतो आणि शिव्या खातो कंटेंट विभाग.

भारतात याला एक खास पदर आहे. आपोआप वसुलीबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जायलाच हवी आणि त्या सूचनेवरून त्याला ती वसुली थांबवताही येते. ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ओटीपी लागतो. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. त्यामुळे ओटीटीच्या वर्गणीला सहसा दर वेळी ओटीपी लागत नाही. पण ती २४ तासांची सूचना हाच निर्णयाचा क्षण असतो. बँकेचा रुक्ष इंग्रजी मेसेज आला, महिनाभर काही पाहिल्याचं आठवत नाही, माणूस रद्द करतो. त्याच्या दोन दिवस आधी तुमच्याकडून मराठीत दोन ओळी जायला हव्यात: अर्धवट राहिलेली मालिका कुठवर आली होती आणि या महिन्यात नवीन काय येतंय. ‘प्रिय ग्राहक, आपली सदस्यता नूतनीकरणास पात्र आहे’ असलं नको.

बाकी उपाय साधे आहेत. सोडून गेलेल्यांचे दोन ढीग करा: स्वतः रद्द केलेले आणि पैसे न कापले गेलेले. दुसऱ्या ढिगासाठी वसुलीचा पुढचा प्रयत्न पगाराच्या आसपास, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठेवा. २७ तारखेला तीनदा प्रयत्न करून काय मिळणार? चार-पाच दिवस सेवा चालू राहू द्या. लगेच पडदा काळा केला की माणूस पैसे भरण्याआधी चिडतो. आणि पैसे भरायची लिंक एसएमएस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर थेट यूपीआयची द्या, अ‍ॅप उघडून चार पायऱ्या चढायला लावू नका. वेबसाइटवरून भरलेल्या पैशांत स्टोअरचा वाटाही वाचतो.

एकाच मालिकेवर भिस्त

आठ भाग शुक्रवारी टाकले, रविवारी संपले, सोमवारी रद्द. प्राइम व्हिडिओने ‘द बॉइज’ २०२० मध्ये दुसऱ्या सीझनपासून आठवड्याला एक भाग असं दाखवायला घेतलं. नेटफ्लिक्सने ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा सीझन २०२२ मध्ये मे आणि जुलै असा दोन हप्त्यांत दिला. त्यामुळे प्रेक्षक कुरकुरतात, हे खरं. पण बिलाची एक तारीख मध्ये येते, हेही खरं. पहिले तीन भाग एकदम आणि मग दर आठवड्याला एक, हा मला त्यातल्या त्यात प्रामाणिक तोडगा वाटतो.

नव्याने माणूस येतो, टिकतो तो जुन्यावर. ‘फ्रेंड्स’सारखी १९९४ची मालिका २०१९ चं एक वर्ष ठेवायला नेटफ्लिक्सने सुमारे १० कोटी डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं. २०२३ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वात जास्त पाहिली गेली ती चार वर्षांपूर्वीच संपलेली ‘सूट्स’. मराठीत हा साठा नाटकांचा, जुन्या मालिकांचा, कीर्तनांचा आहे. जेवताना लावून ठेवायला माणसाला नवीन काही नको असतं. पण आपल्याकडच्या अ‍ॅपमध्ये शोधायला गेलं तर नटाचं नाव मराठीत टाइप केल्यावर काहीच सापडत नाही, आणि इंग्रजीत स्पेलिंग एका अक्षराने चुकलं तरी तेच. नवी सीरिज काढण्याआधी हा शोध दुरुस्त करा, कितीतरी स्वस्त पडेल.

बाहेरची वाट लपवणं

रद्द करायचं बटण सातव्या पानावर ठेवलं की गळती कमी दिसते. दिसते फक्त. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा वर्गणीच्या सापळ्याला फसव्या रचनांच्या यादीत घातलंय. अमेरिकेत प्राइमच्या सदस्यत्वावरून असाच खटला झाला आणि अ‍ॅमेझॉनला सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. रद्द करू द्या. फक्त त्याच पानावर ‘दोन महिने थांबवा’ आणि ‘जाहिरातींसह स्वस्त प्लॅन’ हे दोन पर्याय ठळक ठेवा. दहावी-बारावीचं वर्ष असलेल्या घरात अ‍ॅप फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद होणारच. ते घर एप्रिलमध्ये परत यायला हवं असेल तर जाताना भांडण नको.

मोठ्यांची नक्कल

नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये पासवर्ड वाटण्यावर बंधन घातलं, जुलैमध्ये भारतातही, आणि त्या वर्षात जवळपास तीन कोटी सदस्य वाढले. ते पाहून छोट्या ओटीटीलाही तो मोह होतो. पण नेटफ्लिक्सकडे दहा कोटींहून जास्त फुकटी घरं होती आणि सोडून जावंसं वाटू नये इतका साठाही. तुमच्याकडे मुलगी हिंजवडीत, आई-वडील कराडला आणि खातं एकच, अशी घरं आहेत. तिथे कुलूप लावलं तर दुसरी वर्गणी येत नाही, पहिलीही जाते. ‘आई-बाबांसाठी वर्षाला इतके जादा’ असा प्लॅन द्या. घेतील.

किमतीतही तेच. सगळ्यांना ९९ रुपये लावण्याची गरज नाही. न्यू जर्सी किंवा लंडनमधला मराठी माणूस डॉलर-पाउंडात पैसे द्यायला तयार असतो. त्याला अ‍ॅप सांगतं, हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही, कारण हक्क फक्त भारतापुरते घेतले गेले होते. पुढच्या करारावर सही करण्याआधी प्रदेशाचं कलम वाचा आणि परदेशाचे हक्क त्यातच मागा. नंतर वेगळे मागायला गेलात तर दर निर्माता ठरवेल.